पित्याच्या काळात जाणारा पुत्र

ज्या वयात मूल माणसे ओळखू लागते, त्या वयात त्याला पिता दिसतो तो सर्व निर्णय घेऊन चुकलेला, नोकरी वा धंदा पत्करलेला, संसारात स्थिरावलेला आणि बोलण्याची धाटणी कायमची ठरून गेलेला असा एक पुरा इसम म्हणून. आणि हाच इसम त्यापूर्वी पंचवीस-तीस वर्षे आणखी कोणी तरी होता, त्यालाही कशाची तरी भीती वाटत असे, त्यानेही एखादा अर्ज रात्र जागून लिहिला असेल आणि सकाळी फाडून टाकला असेल, हे पुत्राच्या ध्यानात येईतो विचारपूस करण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. कालप्रवासाची कल्पना अद्भुतकथाकारांनी युद्धे टाळण्यासाठी, राज्ये पालटण्यासाठी आणि भविष्याचे भय दाखविण्यासाठी विपुल वापरली आहे. तथापि तिचा सर्वांत गंभीर उपयोग माझ्या मते हाच की तिच्या साहाय्याने पुत्राला पित्याच्या त्या अज्ञात वर्षांत नेऊन उभे करता येते. हा उपयोग रंगभूमीपेक्षा आणि चित्रपटापेक्षाही केवळ कानांनी ग्रहण करावयाच्या नाट्यात, म्हणजे नभोनाट्यात, अधिक स्वाभाविकपणे साधतो, आणि तो का साधतो याचा विचार या विषयाकडे वळणाऱ्या श्रोत्याने व लेखकाने आरंभीच करावा, म्हणून ही प्रस्तावना.

कालयंत्र ही वस्तू साहित्यात रूढ केली ती एच. जी. वेल्स यांनी 1895 मध्ये. त्यांचा प्रवासी जातो तो पुढे, आठ लाखांहून अधिक वर्षे ओलांडून, मानवजातीचे काय होणार हे पाहावयास. त्याच्या घरात पिता नाही आणि पुत्रही नाही. आपल्या पुराणांत काळाची उलथापालथ आहे ती मात्र घरगुती कारणाने घडते. कन्या रेवती हिला योग्य वर कोणता हे विचारण्यासाठी राजा ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तेथे गंधर्वांचे गायन चालले होते म्हणून ते संपेतो क्षणभर थांबला, आणि गायन संपल्यावर त्याला कळले की तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली असून त्याने मनात योजलेल्या वरांचे वंशजही उरलेले नाहीत. पित्याची चिंता, काळाचा लोप आणि या दोहोंच्या मध्ये तन्मय होऊन ऐकणे: भागवताने सांगितलेल्या या छोट्या आख्यानात आपल्या विषयाची तिन्ही अंगे एकत्र आली आहेत, याचे मला वारंवार आश्चर्य वाटते.

परंतु या विषयाचा खरा आधार पुराणात किंवा कादंबरीत शोधण्याची गरज नाही, कारण तो एका हयात शास्त्रज्ञाच्या चरित्रात उपलब्ध आहे. रोनाल्ड मॅलेट यांचा जन्म 1945 चा. बालपण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले. वडील बॉइड मॅलेट हे दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे कुशल कारागीर होते, आणि थोरल्या मुलाच्या दृष्टीने तर सर्व विद्यांचे माहेरघरच. 1955 च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्या वेळी रोनाल्ड दहा वर्षांचे होते. पुढे सुमारे वर्षाने त्यांच्या हाती वेल्स यांच्या 'टाइम मशीन'ची चित्रमय आवृत्ती पडली आणि त्या मुलाने तिचा जो अर्थ घेतला तो जगातल्या कोणाही समीक्षकाला सुचला नसता: असे यंत्र करता येत असेल, तर ते करावे, मागे जावे आणि वडिलांना सावध करावे. घरात पडलेल्या सुट्या भागांतून त्याने मुखपृष्ठावरच्या चित्राबरहुकूम यंत्र जुळविलेही. ते चालले नाही, तेव्हा आपणाला पुरेसे ज्ञान नाही एवढाच निष्कर्ष काढून तो मुलगा गणिताकडे आणि आइन्स्टाइन यांच्याकडे वळला.

पुढचा वृत्तांत लांबविण्यासारखा आहे, पण येथे थोडक्यात सांगतो. कृष्णवर्णीय दरिद्री कुटुंबातल्या या मुलाने हवाई दलात नोकरी केली, पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून 1973 मध्ये भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली, कनेक्टिकट विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली आणि या सर्व काळात आपल्या अभ्यासाचा मूळ हेतू कोणालाही कळू दिला नाही. कालप्रवासाचे नाव काढले तर लोक वेडा ठरवितील आणि नोकरीची कायमता धोक्यात येईल, म्हणून कृष्णविवरांचा अभ्यास हा त्यांनी पडदा म्हणून पुढे धरला. वर्तुळाकार फिरणाऱ्या प्रकाशाच्या योगाने अवकाश आणि त्याबरोबर काळही मुरडला जाऊ शकेल, असे प्रतिपादन करणारे त्यांचे निबंध 2000 आणि 2003 या वर्षी प्रसिद्ध झाले. प्रकाशाचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण असते की असे यंत्र व्यवहारात उभे राहणे अशक्य, असा आक्षेप इतर भौतिकशास्त्रज्ञांनी घेतला आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आक्षेपांचा निवाडा त्या शास्त्रात होईल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मॅलेट यांच्या स्वतःच्याच गणिताने त्यांना घालून दिलेली मर्यादा. असे यंत्र निर्माण झाले तरी ते ज्या दिवशी प्रथम सुरू होईल त्या दिवसाच्या मागे कोणालाही जाता येणार नाही. यंत्र नव्हते त्या काळी यंत्राचे द्वारही नव्हते; म्हणजे 1955 सालचा मे महिना, ज्याच्यासाठी सारा उद्योग आरंभिला, तो कायमचा बंद.

हे कळल्यानंतरही मॅलेट यांनी काम सोडले नाही. 2006 मध्ये त्यांनी आत्मवृत्त लिहिले, आणि अमेरिकेतील 'धिस अमेरिकन लाइफ' या नभोवाणीवरील कार्यक्रमात त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून लोकांनी ऐकली. या हकीकतीतली एक बाब मला नाट्यदृष्ट्या सर्वांत मोलाची वाटते, आणि ती वयाची आहे. 1978 नंतर हा पुत्र आपल्या पित्याहून वयाने मोठा झाला. आज त्यांची भेट व्हावी असे कोणी घडवून आणले, तर दारात उभा राहील तो ऐंशीच्या घरातला वृद्ध पुत्र, आणि दार उघडील तो तेहतीस वर्षांचा तरुण पिता. वडिलकीचा अधिकार कोणाकडे जावा, प्रथम कोणी नमस्कार करावा, सावधगिरीचा उपदेश कोणाच्या तोंडी शोभावा, हे सर्व प्रश्न एका क्षणात उलटेपालटे होतात. दहा वर्षांच्या मुलाने हृदयात जतन केलेला देवतुल्य पुरुष त्या दारात सापडणार नाही. तेथे सापडेल तो धूम्रपानाची सवय न सुटलेला आणि संसाराच्या ओढाताणीत थकलेला, नातवाच्या वयाचा एक तरुण. ज्याला वाचवावयाचे होते त्याला समजून घेण्याची पाळी यावी, हेच या प्रकारच्या नाट्याचे वळण.

वाचविणे आणि समजणे यांतला हा भेद न ओळखल्यामुळे या विषयावरच्या कित्येक कथा मध्यंतरानंतर निस्तेज होतात. 2000 साली आलेला 'फ्रीक्वेन्सी' हा अमेरिकन चित्रपट या बाबतीत विचारात घेण्यासारखा आहे. त्यात 1999 मधला एक पोलीस अधिकारी वडिलांचा जुना हौशी रेडिओ संच चालू करतो आणि ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री त्या संचावरून त्याला 1969 मध्ये असलेल्या, आगीच्या बंबावर नोकरी करणाऱ्या आपल्या पित्याचा आवाज ऐकू येतो. देह कोणाचाच हलत नाही; काळ ओलांडतो तो केवळ शब्द. संचाच्या दोन टोकांना बसलेले बापलेक एकमेकांची ओळख पटवीत आहेत, ज्याला पुत्र मृत समजत आला तो आगीतून वाचतो आणि तीस वर्षांचे राहून गेलेले बोलणे सुरू होते, तोपर्यंतचा भाग उत्कृष्ट आहे. पुढे त्या हस्तक्षेपामुळे इतिहासात दुसरा फेरफार होतो, आईच्या जिवावर संकट येते आणि कथा खुन्याच्या पाठलागात शिरते. तेव्हापासून मला तिच्यातला आवाज हरवल्यासारखा वाटतो. चित्रपटाला काही तरी दाखवावे लागते. नभोनाट्यावर ती सक्ती नाही, म्हणून ते त्या दोन टोकांमध्ये अखेरपर्यंत राहू शकते.

याच संदर्भात कठोपनिषदातल्या नचिकेत्याचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. पित्याने संतापाच्या भरात ज्याला मृत्यूच्या स्वाधीन केले तो हा मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, आणि यमाने तीन वर मागण्यास सांगितले तेव्हा अग्निविद्या आणि आत्मज्ञान हे दोन थोर वर त्याने मागे ठेवले. पहिला मागितला तो असा की आपला पिता शांत व्हावा, त्याचा राग जावा, आणि आपण परत गेल्यावर त्याने आपणाला ओळखून प्रेमाने बोलावे. त्याने पित्याचा शब्द रद्द करून मागितला नाही, घडलेले घडले नाही असे व्हावे अशी इच्छाही धरली नाही. लोकांतरीच्या प्रवासातून पुत्राने आणावे असे काही असेल तर ते हे, इतका स्पष्ट निर्णय त्या बालकाने दिलेला असताना, आजच्या लेखकाने आपल्या प्रवाशाच्या हाती केवळ अपघात टाळण्याचे काम का द्यावे, हे मला उमगत नाही.

आता माध्यमाकडे वळू. केवळ नभोवाणीसाठी म्हणून ब्रिटनमध्ये लिहिले गेलेले पहिले नाटक, रिचर्ड ह्यूज यांचे 'डेंजर', 15 जानेवारी 1924 रोजी बी. बी. सी. वरून प्रक्षेपित झाले. वेल्समधली एक कोळशाची खाण पाहावयास आलेले लोक एकाएकी दिवे गेल्यामुळे अंधारात सापडतात, अशी त्याची मांडणी. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यांनाही दिसत नाही, म्हणून दोघे एकाच पातळीवर येतात. आरंभीच्याच प्रयत्नात या लेखकाने माध्यमाची उणीव तीच नाट्याची परिस्थिती करून टाकली, ही असामान्य कल्पकता होय. कालप्रवासाची गोष्ट या अंधाराला विशेष मानवते. रंगमंचावर साल बदलावयाचे तर पडदे, पोशाख आणि दिवे बदलावे लागतात, आणि एवढे सारे बदलूनही प्रेक्षकाला ते रंगविलेले आहे हे दिसतच असते. नभोनाट्यात मात्र एका वाक्याच्या शेवटी थोडी शांतता ठेवली, खोलीचा घुमारा बदलला आणि दूरवर ट्रामची घंटा वाजली की श्रोता कोणतीही शंका न घेता तीस वर्षे मागे गेलेला असतो. यंत्राचे वर्णन करण्याचीसुद्धा गरज नसते. जे लेखक ते करीत बसतात ते श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर अकारण अविश्वास दाखवितात.

पुत्राने पित्याला समजून घेणे या विषयावरचे सर्वांत परिपक्व नभोनाट्य म्हणून मी निःशंकपणे जॉन मॉर्टिमर यांच्या 'अ व्हॉयेज राउंड माय फादर'चे नाव घेईन. त्यात यंत्र नाही, आणि शास्त्रीय अर्थाने कालप्रवासही नाही. परंतु प्रौढ पुत्र आपल्या बालपणात पुन्हा शिरून पित्याभोवती जी प्रदक्षिणा घालतो, तिला प्रवासाखेरीज दुसरे नाव देता येत नाही, आणि ते लेखकाने शीर्षकातच दिले आहे. 1963 मध्ये ते नभोवाणीसाठी लिहिले गेले. पुढे दूरचित्रवाणीवर आणि रंगभूमीवर आले, 1971 मध्ये लंडनला ॲलेक गिनेस यांनी आणि 1982 च्या दूरचित्रवाणी रूपात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यातल्या पित्याची भूमिका केली. या थोर नटांच्या कीर्तीमुळे त्याचे मूळ श्राव्य रूप पुष्कळांच्या विस्मृतीत गेले आहे, हे मला योग्य वाटत नाही.

मॉर्टिमर यांचे वडील क्लिफर्ड हे घटस्फोट आणि मृत्युपत्रे यांचे खटले चालविणारे लंडनचे नामांकित बॅरिस्टर. 1936 मध्ये टॅक्सीच्या दाराच्या चौकटीवर डोके आपटल्याचे निमित्त होऊन त्यांची दृष्टी गेली. त्यांनी वकिली सोडली नाही. घरात त्या अंधत्वाचा उच्चारही होत नसे. पत्नी त्यांना जेवणात मदत करी, कपडे नीट करी, आणि लंडनला जाताना आगगाडीच्या डब्यात घटस्फोटाच्या खटल्यांची कागदपत्रे, त्यांतल्या व्यभिचाराच्या पुराव्यासह, मोठ्याने वाचून दाखवी, आणि भोवतालचे उतारू स्तब्ध होऊन ऐकत राहत. बाग हा त्यांचा प्राण होता. फुले कोणती उमलली, रंग कसा आला आहे, हे इतरांनी सांगावयाचे आणि त्यांनी ते ऐकून बाग पाहावयाची, असा त्या घरचा परिपाठ पडला.

असा पिता नभोनाट्यात आला म्हणजे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. रंगभूमीवर प्रेक्षक डोळस असतो आणि पिता आंधळा. प्रेक्षकाला त्याची दया येते, आणि दयेत थोडी उंचावरून पाहण्याची वृत्ती असतेच. नभोनाट्यात श्रोता त्या पित्याइतकाच आंधळा असतो. पुत्र फुलांचे वर्णन करू लागतो ते पित्यासाठी आणि आपल्यासाठी एकाच वेळी. त्याने एखादे फूल गाळले तर ते पित्याच्या बागेतून जाते तसेच आपल्याही बागेतून जाते. पुत्राच्या डोळ्यांनी पाहणारा पिता आणि पित्याच्या अंधारात बसलेला श्रोता, या योगायोगामुळे जी आत्मीयता निर्माण होते ती ऑलिव्हिए यांच्या मुद्राभिनयानेही, माझ्या मते, भरून निघालेली नाही. आणि या पुत्राने पित्याला कोठेही सुधारले नाही. त्याचा तिरसटपणा, शेक्सपिअरच्या ओळी वेळी-अवेळी म्हणण्याचा छंद, मुलाने लेखनाच्या भरीस न पडता वकिली करावी हा आग्रह, खासगी दुःखाबद्दल चकार शब्द न काढण्याची ती भयंकर शिस्त, हे सारे आहे तसे ठेवले. खऱ्या आयुष्यात पुत्र पित्याच्याच कचेरीत वकील झाला, तशाच घटस्फोटांच्या खटल्यांत उभा राहिला, आणि पुढे त्याच घरात, त्याच बागेत, 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला.

येथून मी त्या मुद्द्यावर येतो जो या प्रकारात लेखन करणाऱ्याने सर्वांत अधिक मनावर घ्यावा. पित्याचे छायाचित्र घरोघर भिंतीवर असते, त्याचे हस्ताक्षर जुन्या वहीत आणि पोस्टकार्डांवर असते, सही दप्तरी असते. नसतो तो आवाज. आणि तरीही तो पूर्णपणे गेलेला नसतो, कारण त्याचा वारस पुत्राच्या कंठात बसलेला असतो. वडिलांच्या जुन्या स्नेह्याने दूरध्वनीवर आपला आवाज ऐकून आपणाला वडीलच समजावे, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. हे साम्य नभोनाट्याला आयते मिळालेले आहे. प्रौढ पुत्र आणि तरुण पिता या दोन्ही भूमिका एकाच नटाला द्याव्यात, पहिल्या प्रवेशांत बोलण्याची गती, शब्दांची निवड आणि ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर यांनी दोघांना कटाक्षाने निराळे ठेवावे, आणि जसजशी भेट वाढत जाईल तसतसे हे अंतर कमी करीत आणावे. मग एका प्रवेशात असा क्षण येतो की 'आता काय करू, मला समजत नाही' हे वाक्य कोण बोलले ते श्रोत्याला सांगता येत नाही. दृश्य माध्यमाला ही गोष्ट साधणार नाही, कारण तेथे चेहरा लगेच जबानी देतो. पुत्राला पिता समजला, असे सांगणारे भाषण लिहिण्याची आवश्यकता अशा नाटकात उरत नाही, आणि कोणी लिहिलेच तर निर्मात्याने ते निर्दयपणे कापावे.

ध्वनिपरिणामांविषयी एवढेच, की ते थोडे असावेत आणि खरे असावेत. सर्व काळाची सजावट करण्याचा मोह टाळून पित्याच्या दिवसातले एक-दोनच आवाज निवडावेत. मात्र ते त्या सालचे, त्या जागेचे, त्या धंद्याचे असावेत.

मराठी श्रोत्याला या प्रकाराचा कान नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईचे नभोवाणी केंद्र 1927 च्या जुलै महिन्यात सुरू झाले, आणि आकाशवाणीवरच्या श्रुतिकांनी येथील घराघरांत पिढ्यान् पिढ्या केवळ आवाजावरून माणसे ओळखावयास शिकविली. काळाच्या दुसऱ्या फाट्यावर जाण्याची कल्पनाही नवी नाही. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले प्राध्यापक ज्या जगात जातात तेथे पानिपतच्या युद्धाचा निकाल निराळा लागलेला असतो. ती वाट इतिहासाकडे गेली. घराकडे जाणारी वाट अद्याप पुरेशी वहिवाटलेली नाही, आणि तिच्यासाठी येथे सामग्री किती आहे! 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा गिरणीत गेले नाहीत. त्यांचे पुत्र आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्या वेळी संपाचा निर्णय घेणारे त्यांचे पिते यांच्याहून तरुण होते. संपात का उतरलात, गावी का गेलात, परत का आला नाहीत, आणि त्यानंतर घरात इतके मुके का झालात, हे प्रश्न त्या घरांत बहुधा विचारले गेलेले नाहीत. त्या पुत्राने 1982 च्या लालबागेत उतरावे, चाळीच्या गॅलरीत आपल्याहून लहान असलेल्या पित्याशेजारी बसावे, संपाचा शेवट ठाऊक असून तो सांगू नये, आणि ऐकावे.

असे नाटक लिहू पाहणाऱ्याने प्रथम गिरणगावात जावे. भोंगा कोणत्या पाळीला केव्हा वाजे, साचाखात्यात माणसे एकमेकांशी कशी बोलत, संपाच्या महिन्यांत चाळीतली पहाट कशी ऐकू येई, हे स्वतःच्या कानांनी ऐकलेली माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून, त्यांची जबानी त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावी, आणि मसुदा त्यानंतर करावयास घ्यावा.